भंडारा कुणी उचलायचा

"हात बघू," आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या.

मामंजींनी हात पाठीमागं नेले. पण कपाळ कुठं लपवणार? कपाळभर हळद फासलेली, आणि चपला काढताना चौकटीला टेकलेली बोटं पिवळीधमक उमटलेली.

"उचललासा न्हवं भंडारा?"

"उचलला."

"कुणापायी?"

"आण्णासोंपायी. मी एकट्यानं न्हाई, सगळ्या गल्लीनं उचललाय. घरटी एक माणूस बोलावला हुता देवळात."

आमच्या त्या यंत्रमागांच्या गावात पालिकेची निवडणूक आली की हा रिवाजच होता. उमेदवाराची माणसं घराघरातल्या कारभाऱ्याला खंडोबाच्या देवळात बोलवायची. ताटात देवाचा भंडारा ठेवलेला असायचा. कारभाऱ्यानं चिमूट उचलायची, कपाळाला लावायची, आणि म्हणायचं, माझ्या घरची सगळी मतं तुमची. एकदा उचलला की झालं. बायकोला दिलेला शब्द माणूस सकाळी मोडून दुपारी विसरेल, पण भंडारा मोडायची कुणाची छाती नव्हती.

"आणि देणार काय तुमचे आण्णासो?" आत्याबाईंनी विचारलं.

मामंजींचे डोळे लकाकले. "कमान! गल्लीच्या तोंडाला सिमेंटची कमान. वर गल्लीचं नाव, दोन्ही अंगाला दिवं. लांबनं दिसणार!"

"आणि दारं?"

"कसली दारं?"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर पुढं ओढला आणि परसातल्या तुळशीकडं बघत बसले. ती तुळस तेव्हा पार पिवळी पडली होती. आत्याबाई रोज तिच्या बुंध्याशी वाकून म्हणायच्या, "काय झालंय हिला, कळंना. सदान्‌कदा मुळाशी चिखल."

दारांचं सांगते. गल्लीच्या तोंडाशी, जिथं ही कमान उभी राहणार होती तिथंच, पालिकेचे संडास होते. एका बाजूला बायकांचे, दुसऱ्या बाजूला पुरुषांचे. दारं लाकडी होती. काही कुजून पडली आणि उरलेली गल्लीतल्या पोरांनी होळीला पळवली. होळीला लाकूड चोरलं तर कुणी रागवायचं नाही, तसाच नेम आहे. पेटलेल्या दारांभोवती सगळ्या गल्लीनं बोंबा मारल्या, पोळ्या खाल्ल्या आणि गल्ली झोपली. सकाळी बायकांच्या ध्यानात आलं की आपण कशाची होळी केली.

पुरुषांचं काय अडत नव्हतं. त्यांना मागाच्या कारखान्यात सोय होती, नाहीतर ओढा होता. बायका जोडीनं जायच्या. एक आत, दुसरी बाहेर पोतं धरून उभी. समोरून सायकली चाललेल्या, दूधवाला चाललेला, कोपऱ्यावर पानपट्टी. पोतं धरणारीचे हात अवघडायचे आणि आतलीचा जीव टांगणीला लागायचा.

मी मिरजेची. वडील रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. क्वार्टर एवढंसंच, पण संडासाला दार आणि दाराला आतून कडी. लग्न करून इथं आले आणि पहिल्याच दिवशी ते पोतं बघून मला रडू फुटलं. मग मी माझ्यापुरता एक उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. आत्याबाई जेवताना माझ्यापुढं तांब्या भरून ठेवायच्या. त्यांची पाठ वळली की मी हळूच परसात जायचे आणि तांब्या तुळशीला ओतायचे. तोंडाला कोरड, डोकं ठणकायचं, एकदोनदा चुलीपुढं अंधारीही आली. पण सांगणार कुणाला? ह्यांना सांगायची लाज, आत्याबाईंना सांगायची भीती. नव्या सुनेनं येऊन चार महिने नाही झाले तर सासरच्या संडासाला नावं ठेवायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर बायकांचा कालवा चालला होता. शेजारच्या पारूमावशी सगळ्यांत जास्त तडतडत होत्या. बाई बोलायला लागली की तिची घागर भरून वाहायची तरी तिला पत्ता नसायचा.

"दुसरा तो वकील, हेरवाडे, त्यो बी कमानच देतोय म्हणं," त्या म्हणाल्या. "ह्याची सिमिटाची, त्याची लोखंडाची. आता ह्या दोघांतलं चांगलं कोण, ते कसं वळखायचं?"

"वळखून करायचं काय?" मागून कुणीतरी म्हणालं. "आपल्या घरांनी भंडारा उचललाय. आता दुसरीकडं शिक्का मारला तर खंडोबा कोपंल."

आत्याबाई घागर भरत होत्या. त्यांनी नळ बंद केला. "तू उचललास?"

"न्हाई. आमच्या ह्यांनी उचलला."

"तुला बोलावलं हुतं देवळात?"

"आपल्याला कोण बोलवतंय?"

"मग तुझ्यावर कशापायी कोपंल? देव हाय त्यो. कोण आलं हुतं आणि कोण न्हाई, एवढं त्याला कळतंय की."

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. पारूमावशींची घागर पलीकडच्या नळाखाली वाहत होती. इतकी वर्षं निवडणुका झाल्या, इतके भंडारे उचलले गेले, आणि ही साधी गोष्ट ना उचलणाऱ्यांच्या डोक्यात आली होती ना उचलून घेणाऱ्यांच्या! बायकांना कुणी विचारलंच नव्हतं, म्हणजे बायका मोकळ्या होत्या.

"मग कुणाला द्यायचं?" पारूमावशींनी विचारलं.

"उद्या दोघांची बी फेरी हाय. सकाळी आण्णासो, दुपारी वकील. सगळ्याजणींनी च्या ठेवा," आत्याबाई म्हणाल्या. "मोठ्या कपातनं. आणि ज्यांच्याकडं ताक हाय त्यांनी ताक."

"एवढा पाहुणचार? त्या कमानवाल्यांचा?"

"करा तर खरं," आत्याबाई म्हणाल्या आणि घागर डोक्यावर घेऊन चालायला लागल्या. मला तेव्हा काही उमगलं नाही. मला वाटलं, बाईला पाहुणचाराची हौस दिसतेय.

फेरीत उमेदवारानं कुणाच्या घरचा चहा नाकारायचा नसतो. शेजारणीचा घेतला आणि माझा नाही, म्हणजे त्या घरची मतं गेलीच समजा. आण्णासोंना हे चांगलं ठाऊक होतं. दोनदा निवडून आलेला माणूस. पांढराशुभ्र सदरा, गळ्यात झेंडूचे हार, मागं हलगी कडकडतेय आणि त्यामागं त्यांची जीप. पहिल्या घरी चहा, दुसऱ्या घरी चहा, तिसऱ्या घरी पारूमावशींचं लोटाभर ताक.

"अहो वैनी, आत्ताच चहा झालाय."

"त्यांचा गोड लागला आणि आमचं ताक आंबट व्हय?"

आण्णासोंनी लोटा रिकामा केला. पुढच्या घरी लिंबाचं सरबत, त्यापुढं पुन्हा चहा. आमच्या दारात येईस्तोवर त्यांच्या कपाळावर घाम आलेला. हसू तसंच होतं, पण पाय एका जागी ठरत नव्हते. मी कप पुढं केला. माझी जीभ टाळ्याला चिकटलेली आणि मी दुसऱ्याला चहा पाजतेय! आण्णासोंनी कप उभ्या उभ्या संपवला आणि मामंजींच्या कानाला लागले.

मामंजी गोंधळले. "आपल्या घरात न्हाई ओ. गल्लीच्या तोंडाला हायत पालिकेचे."

आण्णासो हलगीच्या तालावर निघाले ते थेट गल्लीच्या तोंडाशी. मागून आम्ही सगळ्या बायका, कुणाच्या हातात आरतीचं ताट, कुणाच्या कडेवर पोर. संडासापुढं येऊन ते थबकले. आत बघितलं, मागं बघितलं. दार नाही, आणि समोर अख्खी गल्ली उभी. बरं, कुठं भिंतीकडं तोंड करावं तर चहूकडं बायकाच बायका.

"जावा की आण्णासो," आत्याबाई म्हणाल्या. "आम्ही रोज जातोय."

"दारं... दारं कुठं गेली?"

"होळीत. तुमीच न्हाई का आला हुता नारळ टाकायला?"

आण्णासोंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. पण बोलले काय? "बघतो, सांगतो कुणाला तरी," म्हणाले आणि जीपमध्ये उडीच मारली. ड्रायव्हरनं जी गाडी हाणली ती हलगीवाले सुद्धा मागंच राहिले. बायका पोट धरून हसल्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मोठे कप कशासाठी काढायला लावले होते.

दुपारी वकील आले. हा माणूस नवखा होता. चष्मा, सडपातळ अंग, प्रत्येक दारात वाकून नमस्कार. जीप नव्हती, पायीच फिरत होते, मागं चारदोन पोरं आणि त्यांच्या हातात कापडी फलक, त्यावर वकिलांचं चित्र आणि खाली छत्रीची निशाणी. बिचाऱ्यानं एकाही घराला नाही म्हटलं नाही. चहावर ताक, ताकावर चहा. कुणाचंही पोट किती ऐकणार? पारूमावशींच्या दारातच त्यांचा चेहरा पांढरा पडला. आता हे नुसतं लघवीचं काम उरलं नव्हतं.

"ताई, जरा..." ते आत्याबाईंना म्हणाले. मला त्याचं नवल वाटलं, पुरुषाला नाही, बाईला विचारलं.

"चला दावते," म्हणून आत्याबाई पुढं झाल्या.

घर त्यांचं बाजाराच्या पलीकडं, तिथवर पोहोचणं शक्य नव्हतं. ते संडासापुढं आले, उघड्या भोकाकडं बघितलं आणि काकुळतीनं पोरांना म्हणाले, "अरे, तो फलक धरा इकडं!"

दोन पोरांनी फलक आडवा धरला. वकील त्याच्यामागं गेले. म्हणजे बाहेर वकिलांचं हात जोडलेलं चित्र आणि आत वकील. बायका तोंडात पदर कोंबून उभ्या. वारा आला की फलक फडफडायचा आणि आतून आवाज यायचा, "घट्ट धरा रे, घट्ट धरा!"

ते बाहेर आले तेव्हा कानापर्यंत लाल झाले होते. आत्याबाईंनी हात धुवायला पाणी घातलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वकीलसाहेब, तुमच्यापुढं धरायला दोन पोरं हाईत. माझ्या सुनेपुढं कोण धरणार?"

सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळले. धरणी दुभंगली असती तर मी खुशाल आत गेले असते.

वकिलांनी ओले हात सदऱ्याला पुसले. मग म्हणाले, "खरं सांगू? मी इथून रोज जातो. कधी बघितलंच नाही. निवडून आलो तर दारं बसवतो."

"कवा?"

"ठराव मांडायला लागेल, मंजुरी लागेल, मग टेंडर... दोनतीन महिने तरी जातील. खोटं कशाला बोलू?"

"आणि तवर?"

वकिलांनी पुन्हा त्या उघड्या संडासाकडं बघितलं.

"तुमच्या घरी संडास हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"आहे."

"दार हाय?"

"आहे."

"आतनं कडी?"

"आहे की."

"झालं तर मग. निवडून आलासा की दारं बसंपतोर आम्ही गल्लीतल्या बायका तुमच्या घरी येणार. सकाळ-संध्याकाळ."

सगळी गल्ली खो खो हसली. वकीलही हसले. "या की! घर तुमचंच आहे."

"असं हसण्यावारी न्हाई." आत्याबाईंनी पदराची गाठ सोडली. गाठीत खंडोबाचा भंडारा होता. तो त्यांनी तळहातावर घेतला आणि हात वकिलांपुढं धरला. "उचला."

हसू थांबलं. पलीकडच्या कारखान्यातले माग तेवढे खडखडत होते. मामंजी गर्दीतून पुढं आले. "अगं, काय करतीयास? भंडारा मतदारानं उचलायचा असतो!"

"का? मत आम्ही द्यायचं आणि शपथ बी आम्हीच घ्यायची? मग ह्यांनी काय करायचं, नुस्ता च्या प्यायचा?"

एक पोरगं वकिलांच्या कानात म्हणालं, "साहेब, चला. ह्या बायकांच्या नादी लागू नका." वकिलांनी चष्मा काढून पुसला. आत्याबाईंच्या हाताकडं बघितलं. त्या ओठातल्या ओठात खंडोबाचं नाव घेत होत्या, ते मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. एरवी कुणालाही न भिणारी बाई, पण त्या घडीला तिला हो ऐकायचंच होतं.

वकिलांनी चिमूट उचलली आणि कपाळाला लावली.

मतदानाच्या दिवशी मामंजी सकाळीच आंघोळ करून तयार. "घरानं भंडारा उचललाय, ध्यानात हाय न्हवं?"

"घरानं न्हाई, तुमी," आत्याबाई वेणी घालत म्हणाल्या. "तुमचं मत तुमी द्या. देवाला दिलेला शब्द मोडू नका."

मामंजी माझ्याकडं बघायला लागले, ह्यांच्याकडं बघायला लागले. हे मान खाली घालून चहा पीत होते. मी आयुष्यातला पहिला शिक्का मारला, छत्रीवर. शाई अंगठ्याला लागली.

वकील थोडक्यात निवडून आले, पण आले. गल्लीतले सगळे कारभारी देवाला स्मरून सांगत होते की आम्ही शब्द पाळला, आणि खरंच पाळला होता. आण्णासोंना बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की एवढे भंडारे उचलले गेले तरी मतं गेली कुठं.

गुलाल उडाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, आत्याबाईंनी दारात हाक दिली. "चला गं!"

मला वाटलं, गंमत करतायत. पण बाहेर येऊन बघते तर सगळ्या गल्लीच्या बायका टमरेलं घेऊन तयार! पुढं आत्याबाई, मान ताठ, बाजारातून वाट काढत चाललेल्या. दुकानदार झाडलोट थांबवून बघत होते. मी पदर इतका पुढं ओढला होता की पुढचीच्या टाचांशिवाय काही दिसत नव्हतं. वकिलांच्या बायकोनं दार उघडलं आणि बघतच राहिल्या.

"काय झालं? मोर्चा आहे का?"

"न्हाई बाई," आत्याबाई म्हणाल्या, "वकीलसाहेबांनी बोलावलंय."

पहिल्या दिवशी वकिलीणबाईंनी हसून वाट दिली. दुसऱ्या दिवशी हसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खुद्द वकीलसाहेब स्वतःच्या अंगणात, आमच्या रांगेच्या शेवटी, टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते, आणि आतून वकिलीणबाईंचा आवाज येत होता, "तुमचं काय चाललंय ते आजच्या आज पालिकेत जाऊन मिटवा, नाहीतर मी माहेरी चालले!"

पण एक सांगते, त्यांनी दार बंद केलं नाही. एकदाही नाही. भंडारा उचलला होता.

ठराव, मंजुरी, टेंडर, ज्याला महिने लागणार होते ते सगळं पुढच्या आठवड्यात उरकलं. लोखंडी पत्र्याची दारं आली, हिरव्या रंगाची. आत्याबाईंनी प्रत्येक दार लावून, आतून कडी घालून, काढून, पुन्हा घालून बघितलं. एक कडी जरा अडत होती, तर मिस्त्रीला तिथंच थांबवून तेल घालायला लावलं. मामंजी लांब पानपट्टीवर उभे राहून बघत होते. कमानीचं काय, एवढंच त्यांनी एकदा विचारलं आणि उत्तर न ऐकताच पान खाल्लं.

त्या दुपारी जेवायला बसलो. आत्याबाईंनी नेहमीसारखा तांब्या भरला आणि माझ्यापुढं ठेवला. पण वळल्या नाहीत. तिथंच पाटावर बसल्या.

"पी."

मी तांब्याकडं हात नेला, सवयीनं परसाकडं बघितलं.

"आणि आज तुळशीला घालू नगंस. कुजायला आलीया माझी तुळस."

मी हात मागं घेतला. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग बोलला नाहीत?"

"बोलून काय दिलं असतं तुला? दार हुतं व्हय माझ्याकडं?" त्यांनी स्वतःसाठी दुसरा तांब्या भरून घेतला. "मी या घरात आले तवा दारं होती, पर कड्या नव्हत्या. मी बी हेच केलं. माझ्या सासूची तुळस मेली. सासू म्हणायची, हिचा हातच वाईट."

मला रडू आवरेना. त्या रागवल्या. "रडती कशाला? रडून आणखी पाणी घालवू नगंस. पी म्हटलं न्हवं?"

मी तांब्या तोंडाला लावला. गटागट प्यायले, गळ्यावरून पाणी ओघळलं, लुगडं भिजलं, तरी थांबले नाही. समोर आत्याबाईही तशाच पीत होत्या, डोळे मिटून, पोटभर. तांब्या रिकामा झाल्यावर त्यांनी तो खाली ठेवला, तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आणखी घे."